काडीमोड, हसू आणि निम्मा वाटा

संसार मोडणे हा आपल्याकडे शोकाचा विषय मानला गेला आहे. कथा-कादंबऱ्यांत, नाटकांत आणि बोलपटांत मोडलेल्या संसाराची बाई एक तर रडते, नाही तर झिजून मरते, नाही तर समाजकार्याला वाहून घेते. ती पोट धरून हसली, तिने आपल्या मनाने दुसरा जोडीदार निवडला आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, असे क्वचित घडते. घटस्फोटानंतर आयुष्य नव्याने मांडणाऱ्या बाईची हसती प्रेमकथा हा विषय म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाने टाकाऊ समजू नये, असे मला वाटते. कोणाचा संसार मुळात संसार म्हणून मोजला गेला? तो मोडायचा हक्क कोणाला होता? मोडल्यावर पुन्हा उभे राहायला कोणाच्या पायाखाली जमीन होती? हे तिन्ही प्रश्न इतिहासाचे आहेत. हसू त्यानंतर येते.

या प्रश्नांसाठी मी एक चित्रपट निवडला आहे. ‘डायरी ऑफ अ मॅड ब्लॅक वुमन’ हा चित्रपट २५ फेब्रुवारी २००५ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. टायलर पेरी यांनी तो आपल्याच नाटकावरून लिहिला. दिग्दर्शन डॅरेन ग्रँट यांचे. हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंपैकी कोणाचाही तो नव्हता. लायन्सगेट या स्वतंत्र कंपनीने तो काढला आणि पेरी यांनी त्यात स्वतःचा पैसा घातला. खर्च सुमारे ५५ लाख डॉलर. उत्पन्न सुमारे ५ कोटी डॉलर. पहिल्याच आठवड्यात तो देशात पहिल्या क्रमांकावर गेला. प्रस्थापित समीक्षकांनी त्याला झोडपले. शिकागोचे नामांकित समीक्षक रॉजर ईबर्ट यांना त्यातले आजीचे पात्र असह्य वाटले. तिकीट काढून आलेला प्रेक्षक प्रामुख्याने काळा होता, आणि त्याला तीच आजी हवी होती.

कथा साधी आहे. हेलन आणि चार्ल्स हे अटलांटा शहरातले श्रीमंत काळे जोडपे. चार्ल्स मोठा वकील. लग्नाच्या अठराव्या वाढदिवशी तो हेलनला घराबाहेर काढतो आणि दुसऱ्या बाईला घरात आणतो. हेलन आपल्या आजीच्या, मडीयाच्या, दारात जाते. तिथे ती सावरते, हॉटेलात वाढपाचे काम करते, आणि तिचे सामान ज्याने ट्रकमधून वाहिले त्या ऑर्लँडो नावाच्या कामगारावर तिचा जीव जडतो. पुढे भर कोर्टात चार्ल्सला त्याच्याच अशिलाची गोळी लागते. तो लुळा पडतो आणि दुसरी बाई त्याला सोडून जाते. हेलन परत येऊन त्याची शुश्रूषा करते. आधी सूड म्हणून त्याला छळते, मग क्षमा करते. तो पायांवर उभा राहिल्यावर मात्र ती त्याच्याकडे राहत नाही. घटस्फोटाच्या कागदांवर सही करून ती ऑर्लँडो काम करतो त्या कारखान्यात जाते आणि त्याला होकार देते.

वरवर पाहता ही अश्रू आणि विनोद यांची ठोकळेबाज मिसळ आहे. तशी ती आहेच. पण या कथेच्या तळाशी दीडशे वर्षांचा इतिहास साचलेला आहे.

२

अमेरिकन बोलपटांत घटस्फोटाचा विनोद जुना आहे. १९३७ चा ‘द ऑफुल ट्रुथ’, १९४० चा ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ अशा चित्रपटांत नवराबायको घटस्फोट घेतात, एकमेकांना चिमटे काढतात आणि शेवटी परत एकत्र येतात. तत्त्वज्ञ स्टॅनली कॅव्हेल यांनी १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात या चित्रपटांना पुनर्विवाहाच्या सुखात्मिका म्हटले आणि त्यांत दोन समान माणसांचा संवाद पाहिला. ते मोलाचे विवेचन आहे. पण समान म्हणजे कोण, हे विचारायला हवे. १९३४ पासून हॉलिवूडवर चित्रपटांच्या नीतिनियमांची सक्ती होती आणि त्या नियमांनुसार विवाहाचे पावित्र्य राखावे लागे. म्हणून जोडपे पुन्हा त्याच उंबऱ्यात आणून सोडायचे. शिवाय तो घटस्फोट पैशाचा होता. नेवाडा राज्याने १९३१ साली घटस्फोटासाठी लागणाऱ्या वास्तव्याची अट सहा आठवड्यांवर आणली आणि रेनो शहर घटस्फोटाची पेठ बनले. ज्याला सहा आठवडे रोजगार सोडून दुसऱ्या राज्यातल्या हॉटेलात राहता येई, त्याला तिथे मोकळीक विकत मिळे. त्या काळच्या हॉलिवूडच्या पडद्यावर काळी माणसे बहुधा दार उघडणारी, कोट हातात घेणारी, स्वयंपाक करणारी. गोऱ्या मालकिणीचा संसार मोडतो आणि जुळतो. तिच्या मोलकरणीला संसार आहे की नाही हे प्रेक्षकाला कधी कळत नाही.

मोलकरणीच्या संसाराचा हा अभाव लेखकांच्या विसराळूपणातून आलेला नाही. तो कायद्यातून आला आहे.

३

अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांच्या लग्नाला कायद्यात अस्तित्व नव्हते. लग्न हा करार. जो स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता, त्याला करार करता येत नाही, हे त्या कायद्याचे तर्कशास्त्र. गुलाम स्त्रीपुरुष तरीही लग्ने लावीत. जमिनीवर झाडू आडवा ठेवायचा आणि दोघांनी तो ओलांडायचा, ही त्यांची प्रसिद्ध रीत. काही ठिकाणी पाद्री लग्न लावीत. पण मृत्यूपर्यंतच्या सोबतीच्या शपथेत बदल करून मृत्यू किंवा अंतर ताटातूट करीपर्यंत, असे म्हणवून घेत. अंतर म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होते. मालक मेला, कर्जात बुडाला, त्याच्या मुलीचे लग्न झाले की नवरा एका राज्यात आणि बायको दुसऱ्या राज्यात विकली जाई. ज्या नात्याला कायदा ओळखत नव्हता, ते मोडताना कायद्याला विचारायचे कारणच नव्हते. घटस्फोट नव्हता, विक्री होती.

यादवी युद्धात १८६४-६५ साली मिसिसिपी नदीकाठच्या विक्सबर्ग, नाचेझ, डेव्हिस बेंड या ठाण्यांवर मुक्त झालेल्या गुलामांची लग्ने नोंदवली गेली. त्या नोंदवह्यांत एक रकाना फार बोलका आहे. पूर्वी कोणाबरोबर किती वर्षे राहिलात आणि ताटातूट कशाने झाली, हे तिथे लिहून घेतले जाई. मृत्यूने, परस्परसंमतीने, की जबरीने? इतिहासकारांनी पुढे याच वह्यांवरून गुलामगिरीने किती संसार मोडले याचा अंदाज बांधला. युद्ध संपल्यावर हजारो माणसे हरवलेल्या नवऱ्याच्या, बायकोच्या, मुलांच्या शोधात पायी निघाली. काळ्यांच्या वृत्तपत्रांत अशा शोधाच्या जाहिराती पुढे कित्येक वर्षे छापल्या जात होत्या.

मग कायदा आला. मार्च १८६५ मध्ये फ्रीडमेन्स ब्यूरो स्थापन झाला आणि त्याने लग्नाचे दाखले द्यायला सुरुवात केली. हेलनची कथा ज्या जॉर्जिया राज्यात घडते, त्या राज्याने मार्च १८६६ मध्ये कायदा केला. नवराबायको म्हणून एकत्र राहणारी काळी माणसे आता कायद्याने नवराबायको ठरली. आणि ज्या पुरुषाला दोन बायका असतील, ज्या बाईला दोन नवरे असतील, त्यांनी ताबडतोब एक निवडावा असेही त्यात ठरले. या ओळींमागे काय दडले आहे याचा विचार करावा. विकला गेलेला पहिला नवरा वीस वर्षांनी शोधत परत आला आहे. इकडे बाईने दुसऱ्याबरोबर संसार थाटला आहे, त्याची मुले आहेत. दोघेही तिचेच. फसवणूक कोणीच केलेली नाही. विकणारा मालक मोकळा. निवड मात्र तिने करायची, आणि ताबडतोब करायची. नव्याने सुरुवात करणे ही तिथे चैन नव्हती. मुक्ती मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी समोर उभा राहिलेला तो पहिला प्रश्न होता.

अँजेला डेव्हिस यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात ब्लूज गाणाऱ्या काळ्या स्त्रियांचा अभ्यास करताना एक मुद्दा मांडला आहे. मुक्तीने काळ्या माणसाला जमीन दिली नाही, पुरेशी मजुरी दिली नाही. प्रत्यक्ष हाताला लागलेली स्वातंत्र्ये थोडी होती: प्रवास करता येऊ लागला, शिकता येऊ लागले आणि जोडीदार स्वतः निवडता येऊ लागला. त्यामुळेच १९२० च्या दशकात मा रेनी आणि बेसी स्मिथ यांच्या गाण्यांत बाई नवऱ्याला सोडते, गाडीत बसते, दुसरा शोधते, पस्तावते आणि हसते. पांढरपेशा नीतीला ही गाणी उच्छृंखल वाटली. ज्यांच्या आज्यांना कोणाबरोबर राहायचे हे मालकाला विचारावे लागले होते, त्यांना त्यांत मुक्तीचा आवाज ऐकू आला.

४

पण ज्या समाजाचे संसार आधी कायद्याने मोडले, त्याच समाजाला पुढे संसार टिकवता येत नाही म्हणून दोष दिला गेला. अटलांटा विद्यापीठाच्या अभ्यासमालेत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९०८ साली काळ्यांच्या कुटुंबावर ग्रंथ काढून या प्रश्नाची मुळे गुलामगिरीत दाखवली होती. तरीही १९६५ साली अमेरिकन सरकारच्या मजूर खात्यातले अधिकारी डॅनियल मॉयनिहन यांच्या अहवालाने, शहरांतील काळ्यांची जवळजवळ पाव लग्ने मोडलेली आहेत असे सांगून, बायकांच्या हातचे कुटुंब हे काळ्यांच्या दुरवस्थेचे मर्म ठरवले. बेकारी, वस्त्यांची कोंडी, पगारातला भेद यांचा उल्लेख त्यात होता. पण लोकांच्या ध्यानात राहिली ती बिघडलेली काळी बाई. हर्बर्ट गटमन यांनी १९७६ साली मळ्यांच्या नोंदी तपासून, गुलामगिरीतही काळ्यांनी दीर्घ काळाचे संसार चिवटपणे टिकवले होते, असे दाखवून त्याला उत्तर दिले.

कायदाही याच नजरेने पाहत होता. अलाबामासारख्या राज्यांत एकट्या गरीब आईच्या घरी पुरुषाचे येणेजाणे दिसले की तिच्या मुलांचे सरकारी अनुदान बंद होई. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली किंग विरुद्ध स्मिथ या खटल्यात तो नियम रद्द केला. तोपर्यंत गरीब काळ्या आईने नव्याने प्रेम करायचे म्हणजे मुलांच्या ताटातली भाकरी पणाला लावायची, असा हिशेब होता. श्रीमंतांचे पुन्हा लग्न करणे ही सुखात्मिका. गरीब काळ्या बाईने तेच करणे हा सरकारी गुन्हा.

हे सर्व ध्यानात घेतले की अटलांटाच्या एका काळ्या बाईचा घटस्फोट आणि नवे प्रेम यांवर सभागृह भरून हसणारा प्रेक्षक निराळा दिसू लागतो.

५

हा चित्रपट आला कोठून? तो सिनेमाच्या शाळेतून आला नाही. तो आला ‘चिटलिन सर्किट’मधून. वांशिक पृथक्करणाच्या काळात काळे गायक, नट, नर्तक ज्या नाट्यगृहांतून, क्लबांतून फिरत, त्या फेरीला हे नाव पडले. चिटलिन म्हणजे डुकराची आतडी. मालकाने चांगले मांस घेतल्यावर गुलामाच्या वाट्याला जे उरे, त्यातून रांधलेले अन्न. वजडी म्हणजे काय हे आपल्या वाचकाला समजावून सांगायला नको. ज्यांना फेकलेले खावे लागले त्यांनी त्याला चव आणली आणि आपल्या रंगभूमीलाही तेच नाव लावले.

टायलर पेरी यांचा जन्म १९६९ साली न्यू ऑर्लिन्सला, सुतारकाम करणाऱ्या माणसाच्या घरी झाला. बापाचा मार खात ते वाढले. १९९२ साली अटलांटात त्यांनी साठवलेला सगळा पैसा घालून पहिले नाटक लावले आणि ते पडले. पुढची काही वर्षे हलाखीत गेली. काही काळ ते मोटारीत झोपत. १९९८ साली तेच नाटक चालले. काळ्यांच्या चर्चमधला प्रेक्षक त्यांनी गावोगाव जोडला. त्यांच्या आधी ऑस्कर मिशो या गुलामाच्या मुलाने स्वतः लिहिलेली कादंबरी दारोदार विकून पैसा उभा केला होता आणि १९१९ साली ‘द होमस्टेडर’ हा चित्रपट काढला होता. स्वतंत्र चित्रपट म्हणजे पदवीधर तरुणांचा प्रयोग, अशी आपली समजूत असते. काळ्या अमेरिकेत स्वतंत्र चित्रपट याचा अर्थ, मोठ्या घराने दार उघडले नाही म्हणून स्वतः बांधलेली झोपडी. पेरी यांनी पुढे अटलांटातला बंद पडलेला ३३० एकरांचा लष्करी तळ विकत घेतला आणि तिथे २०१९ साली आपला स्टुडिओ उघडला.

चित्रपटातली मडीया आजी पेरी स्वतः साकारतात. ‘मदर डिअर’ या संबोधनाचे दक्षिणेतल्या काळ्या बोलीतले रूप म्हणजे मडीया. लुगडे नेसलेला पुरुष, तोंडाने फटकळ, श्लील-अश्लील न पाहणारी, पण अडलेल्या पोरीच्या मागे उभी राहणारी म्हातारी. तमाशाच्या गवळणीतली मावशी ज्याने पाहिली आहे त्याला ती लगेच ओळखू येईल.

या विनोदाला विरोध बाहेरूनच झाला असे नाही. चित्रपटकार स्पाइक ली यांनी २००९ साली पेरी यांच्या कामावर कडक टीका केली. गोऱ्यांनी तोंडाला काजळी फासून काळ्यांची जी टिंगल केली, तिचेच हे नवे रूप आहे, असा तिचा रोख होता. हा वादही जुना आहे. झोरा नील हर्स्टन यांनी १९३७ साली ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ या कादंबरीत तीन संसार पाहिलेल्या, पहिल्या नवऱ्याला सोडून चालू पडलेल्या काळ्या बाईची कथा सांगितली. तेव्हा रिचर्ड राइट यांनी असाच आक्षेप घेतला होता. ती कादंबरी विस्मरणात गेली. १९७५ नंतर ॲलिस वॉकर आणि इतर काळ्या लेखिकांनी ती पुन्हा वर काढली. राइट यांचा राग खोटा नव्हता. गोऱ्या बाजारात काळ्याचे हसू कसे विकले जाते ते त्यांना ठाऊक होते. पण चळवळीतल्या पुरुषांना बाईचा मोडलेला संसार किरकोळ वाटतो आणि तिचे हसू त्याहून किरकोळ, हेही तितकेच खरे. आपण तमाशाला नाके मुरडली आणि जलशाला जवळ केले. ते त्या काळी आवश्यक होते. तरी मावशीच्या तोंडून बाईचे कोणते बोलणे बाहेर पडत होते, ते ऐकायचे राहून गेले.

६

इथे मी महाराष्ट्राकडे वळते, कारण काळ्यांशी आपले नाते १९७२ च्या पँथरपासून सुरू झालेले नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांपुढील निवेदनाची प्रत मागितली होती. दोन्ही समाजांना एकाच गोष्टीत नागवले गेले होते, असे मला दिसते: आपल्या नात्यांना आपण नाव देण्याचा हक्क.

तिकडे झाडू ओलांडून संसार मांडला जाई. इकडे गवताची काडी मोडून तो सोडला जाई. शूद्र आणि अतिशूद्र जातींत काडीमोड होती, पाट होता, म्होतूर होते. नवऱ्याने टाकलेली, नवरा मेलेली किंवा नवऱ्याला सोडून आलेली बाई पंचांसमोर मोकळी होई आणि पुन्हा संसाराला लागे. मी या रूढीचे सोने करीत नाही. पंच पुरुष असत. दंड आणि देण्याघेण्याचा पैसा बापाच्या, नवऱ्याच्या हातून फिरे. मुले बहुधा बापाची ठरत. पाटाच्या बाईला लग्नाच्या बाईचा मान नसे. तरी दार होते. ब्राह्मण बाईला तेही नव्हते. आणि नेमक्या त्या दारामुळेच या जाती हलक्या ठरवल्या गेल्या.

इंग्रजी न्यायालयांनी या दाराचे काय केले? मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ साली करसन गोजा खटल्यात तळपदा कोळी जातीची रूढी अवैध ठरवली. नवरा हयात असताना, त्याच्या संमतीवाचून, बाईने दुसऱ्याशी नातरे लावण्याची ती रूढी होती. १८७६ साली शंभू रघू खटल्यात, लग्न मोडले असे जाहीर करून बाईला दुसरे लग्न करू देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत, असे सांगितले. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा आपण पाठ्यपुस्तकांत सुधारणेचा टप्पा म्हणून शिकवतो. पण त्याच कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. आणि ज्या जातींत विधवाविवाह पूर्वापार चालत होता त्यांनाही ते कलम लागू आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८९६ साली विठू विरुद्ध गोविंद या खटल्यात ठरवले. वरच्या जातीच्या बाईला जो कायदा वर चढवायला आला, त्यानेच खालच्या जातीच्या बाईच्या हातातली जमीन काढून घेतली.

१९४९ साली हिंदू कोड बिलावर बोलताना बाबासाहेबांनी हाच इतिहास विरोधकांसमोर ठेवला. हिंदूंमध्ये बहुसंख्या शूद्रांची आहे. त्यांच्यात घटस्फोट रूढच आहे. मग मूठभरांचा नियम सर्वांवर का लादायचा, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. घटस्फोट ही पश्चिमेची उसनवारी नाही, ती इथल्या कष्टकऱ्यांची रीत आहे, हे भर सभागृहात सांगितले गेले. बिल रखडवले गेले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट आला आणि कलम २९ ने रूढीचा घटस्फोटही राखून ठेवला. तो मागणाऱ्याला मात्र ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. परस्परसंमतीचा घटस्फोट १९७६ साली आला. काडीमोड मोडणाऱ्या आपल्या बायकांना त्याची ओळख कायद्याच्या आधीपासून होती.

आता आपल्या घरात काय चालले आहे ते पाहू. माझ्या आजीचे दुसरे लग्न पाटाचे. पहिल्या घरी मारहाण होती. ती निघून आली, पंच बसले, काडी मोडली. घरात पहिली पदवी माझी. पदवी आली, नोकरी आली, पक्के घर आले, आणि त्यांच्याबरोबर एक लाजही आली. चार वर्षांपूर्वी माझ्या चुलतबहिणीने घटस्फोट मागितला तेव्हा बैठकीत घरची मोठी माणसे एकामागून एक म्हणाली, आपल्यात असलं काही नसतं. आजी भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर केली नाही.

आपल्यात असलं काही नसतं, हे वाक्य ऐतिहासिकदृष्ट्या खोटे आहे. आपल्यातच ते होते. ज्यांच्यात नव्हते त्यांची नीती आपण शिक्षणाबरोबर घरी आणली आणि तिला आपली परंपरा म्हणू लागलो. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात, जाती वरच्यांचे अनुकरण करून पसरतात आणि त्या अनुकरणाची पहिली किंमत बाईच्या विवाहावरची बंधने ही असते, हे दाखवून दिले होते. त्या निबंधाचे पुस्तक आपल्या कपाटात असते. बैठकीत कोणी ते उघडत नाही.

७

शेवटी पुन्हा हेलनकडे. चित्रपटातले दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात मडीया हेलनला घेऊन चार्ल्सच्या बंगल्यात शिरते आणि यांत्रिक करवतीने तिथला सोफा मधोमध कापते. प्रेक्षक हसून लोटपोट होतो. दुसरा प्रसंग कोर्टातला. हेलन घर, पैसा, मालमत्ता सगळे चार्ल्सला ठेवू देते. वकिलाची फी आणि आपल्या आईच्या वृद्धाश्रमाचा खर्च, एवढेच ती मागते. हा प्रसंग गंभीर आहे, आणि तिचा मोठेपणा म्हणून तो रंगवला आहे.

माझे मत असे की या चित्रपटात इतिहासाची जाण विनोदाला आहे, गांभीर्याला नाही. अठरा वर्षे घर चालवणाऱ्या बाईचा त्या घरात निम्मा वाटा आहे, हे म्हातारी करवत चालवून सांगते. गंभीर प्रसंग तोच वाटा त्यागाच्या नावाखाली सोडून देतो आणि क्षमेचे प्रवचन त्यावर पांघरूण घालते. मग हेलनला नवी सुरुवात करायला जागा किती उरते? एक आजीचे घर आणि एक ऑर्लँडोचे. आजी नसती तर? ऑर्लँडो सज्जन नसता तर? १८६५ साली काळ्यांना जोडीदार निवडायचा हक्क मिळाला आणि जमीन मिळाली नाही. १८९६ साली पाट लावणाऱ्या विधवेला नवरा मिळाला आणि शेत गेले. २००५ साली हेलनला प्रेम मिळाले आणि घर सुटले. साल बदलते, हिशेब तोच राहतो. नवा डाव मांडायला सोंगट्या लागतात.

बाबासाहेबांनी हिंदू कोडात घटस्फोट आणि स्त्रीचा मालमत्तेवरचा पूर्ण हक्क एकाच बिलात का घातले, ते इथे कळते. एकावाचून दुसरा लंगडा आहे. मुलीच्या घटस्फोटाला हळूहळू मान देऊ लागलेल्या आपल्या कुटुंबांतही तिचे नाव सातबाऱ्यावर आणि घराच्या कागदावर लावायची वेळ आली की गप्पा थांबतात.

आपल्या नियतकालिकांच्या वाचकांपैकी अनेक जण शिक्षक आहेत, कार्यकर्ते आहेत, विद्यार्थी आहेत. आपापल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांकडून काडीमोडीच्या आणि पाटाच्या हकिकती लिहून घ्याव्यात, हे काम आजच करण्यासारखे आहे. कोण बसले होते, काय विचारले, दंड किती झाला, मुले कोणाकडे गेली, भांडीकुंडी कोणाला मिळाली, हे सगळे टिपावे. विक्सबर्गच्या त्या नोंदवहीत ताटातुटीचा रकाना कोणीतरी भरला, म्हणून आज काळ्यांना आपला इतिहास सांगता येतो. आपल्या वहीत ताटातुटीच्या रकान्याशेजारी वाट्याचाही रकाना आखावा. आणि लिहून घेताना त्या बाया हसल्या, तर तेही लिहावे.